पाखराची जात

गेल्या जूनमध्ये गंगापूरला भाचीकडे दोन दिवस मुक्काम पडला. मृगाचा एक शिडकावा होऊन गेला होता आणि सारा तालुका आभाळाकडे तोंड करून बसला होता. भाचीच्या मुलीला पाचवीत नव्या शाळेत घालावयाचे होते. घरात रिकामा माणूस मीच, म्हणून मीही बरोबर गेलो. शाळेतल्या लेखनिकाने भले मोठे रजिस्टर उघडले, नाव लिहिले, जन्मतारीख लिहिली आणि मान वर न करता विचारले, "जात?" भाचीने सांगितली. त्याने लिहिली. तेथून आम्ही तिघे जावईबापूंना गाठावयाला बियाण्यांच्या दुकानात गेलो. दुकानात पाय ठेवावयाला जागा नव्हती. दुकानदाराने गर्दीतूनच जावयांना हाक दिली, "भाऊ, कपाशीची कोणती जात देऊ?"

पोरगी खुदकन हसली. म्हणाली, "आजोबा, कपाशीचं पण नाव घालायचं का शाळेत?"

दुकानातली दोनचार माणसेही हसली आणि जो तो आपल्या पिशवीकडे वळला. मला मात्र तो प्रश्न चिकटून बसला. एका तासात एकच शब्द दोनदा विचारला गेला. दोन्ही वेळा तो लिहिला गेला, एकदा रजिस्टरात आणि एकदा पावतीवर. या दोन ठिकाणी त्याचा अर्थ एकच आहे काय? नसेल, तर हा शब्द खरा कोणाचा? कपाशीचा की माणसाचा?

शब्द तसा आपल्या घरचाच. एखादे पोर जात्याच हुशार असते, बैल जातिवंत असतो, गवईही जातिवंत असतो, आणि जातीच्या सुंदराला काहीही शोभते. अंगणातली जाई म्हणजे संस्कृतातली 'जाती' नावाचीच फुलवेल. दिवाळीच्या करंजीच्या सारणात जे जायफळ किसून घालतात ते 'जातीफल', आणि जायपत्री ही 'जातीपत्री'. (दळावयाच्या जात्याचा मात्र या घराण्याशी संबंध नाही, ते यंत्रावरून आले आहे.) मुळात 'जन्' म्हणजे जन्मणे, त्यावरून जाती. म्हणजे जन्माने जे मिळते ते.

पाश्चात्त्य जीवशास्त्रात याच जागी जो शब्द आहे तो 'स्पीशीज'. तो लॅटिन आहे आणि त्याचा मूळ अर्थ रूप, दिसणे. आता गंमत पाहा. त्यांनी डोळ्यांवर भरवसा ठेवला, आपण जन्मावर. रूपावरून ओळखावे की जन्मावरून, हा त्या शास्त्रातला मोठा वाद. आणि तो या दोन शब्दांच्या पोटात आधीपासूनच बसलेला आहे.

आपल्याकडे हा वाद प्रथम घातला तो वैद्यांनी किंवा शेतकऱ्यांनी नव्हे, वैयाकरणांनी. पाणिनीचे एक सूत्र आहे. जातिवाचक शब्दाचे स्त्रीलिंगी रूप कसे करावयाचे ते त्यात सांगितले आहे. कुक्कुटाची कुक्कुटी होते, तसे. आता जातिवाचक शब्द म्हणजे कोणता, हे आधी ठरविले पाहिजे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पतंजलीच्या महाभाष्यात त्याचे लक्षण आले आहे. पहिले लक्षण सरळ आहे: आकृतीवरून जी ओळखता येते ती जाती. गाय पाहिली की गाय कळते, कोंबडा पाहिला की कोंबडा कळतो. कोणी सांगावे लागत नाही. येथे थांबता आले असते. पण थांबता येईना, कारण व्याकरणाला ब्राह्मणी आणि वृषली ही रूपेही साधावयाची होती. आणि ब्राह्मण कोण, वृषल म्हणजे शूद्र कोण, हे आकृतीवरून काही केल्या ओळखू येत नाही. म्हणून दुसरे लक्षण जोडावे लागले: जी एकदा सांगितली की मग ओळखता येते, तीही जाती. एकाची सांगितली की त्याच्या बापाची, भावाची, मुलाची न सांगता कळते. तरीही उरलेच, म्हणून गोत्र आणि वेदशाखा यांची तिसरी पुरवणी.

हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. पतंजली काही समाजसुधारक नव्हता. जातिभेदावर त्याला टीका करावयाची नव्हती. त्याला फक्त शब्दांची रूपे नीट लावावयाची होती. पण व्याकरण हे मोठे प्रामाणिक शास्त्र आहे. एका व्याख्येत दोन गोष्टी मावेनात, तर त्याने तसे सरळ मांडून ठेवले. गाईची जात दिसते. माणसाची सांगावी लागते. त्या सकाळी लेखनिकाने मान वर केली नाही याचा मला थोडा राग आला होता. आता वाटते, त्याने मान वर करून काय पाहावयाचे होते?

ज्यांना टीका करावयाची होती त्यांनी हीच गोष्ट उघड केली. पाली सुत्तनिपातात वासेट्ठसुत्त आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांचा वाद लागतो की ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, आणि ते बुद्धाकडे जातात. बुद्ध उत्तराला सुरुवात करतो ती गवतापासून आणि झाडांपासून. मग किडेमुंग्या, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी. यांच्या प्रत्येकाच्या अंगावर जातीची खूण आहे, जाती निरनिराळ्या आहेत, असे तो एकेक करून सांगत जातो. मग माणसावर येतो आणि केस, कान, डोळे, नाक, ओठ, हात, पाय असे सारे अवयव मोजून म्हणतो की येथे तशी खूण सापडत नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा शुद्ध जीवशास्त्रीय युक्तिवाद आहे. मराठीत तो धर्मानंद कोसंबींनी १९४०-४१ साली निघालेल्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात जातिभेदाच्या प्रकरणात मांडला. गोव्यातल्या सांखवाळचा हा माणूस बुद्धाचा शोध घेत नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश पालथा घालून आला होता.

अश्वघोषाच्या नावावर असलेल्या वज्रसूचीत हा विचार आणखी खोडकरपणे येतो. हत्ती, घोडा, गाय यांची पावले मातीत उमटली तर कोणते कोणाचे ते कळते. ब्राह्मणाचे पाऊल आणि क्षत्रियाचे पाऊल ओळखून दाखवा, असे तो म्हणतो. फणसाच्या एकाच झाडाला बुंध्याशीही फळ लागते आणि फांदीवरही. म्हणून काय ते दोन जातींचे फणस? १८३९ साली भोपाळचे पोलिटिकल एजंट लान्सेलॉट विल्किन्सन यांनी ही वज्रसूची छापविली. त्यांच्या पदरी सुबाजी बापू नावाचे विद्वान मराठी शास्त्री होते. त्यांना हे मत मान्य नव्हते. म्हणून त्यांनी 'टंक' या नावाने खंडन लिहिले आणि तेही त्याच पुस्तकात छापले गेले. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष एकाच बांधणीत! सुबाजी बापूंचे मत मला पटत नाही, पण छापखाना नवा असताना दोन्ही बाजू वाचकांपुढे ठेवण्याची ही रीत मला फार आवडते.

वज्रसूची या नावाचे एक उपनिषदही आहे, आणि त्याचा मराठी अवतार शोधण्यासाठी गंगापूरहून फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या वैजापूर तालुक्यात शिऊर गाव आहे. तेथे संत बहिणाबाईंची समाधी आहे. वेरूळजवळच्या देवगाव रंगारीत १६२८ साली जन्मलेली ही ब्राह्मणाची मुलगी. तिने तुकोबांना गुरू मानले आणि त्यापायी घरात नवऱ्याचा मार सोसला. वेदपाठी ब्राह्मणाच्या बायकोने देहूच्या कुणब्या-वाण्याला गुरू करावे, ही त्या घरातली ठिणगी होती. त्याच बाईने पुढे वज्रसूचीचा आशय मराठी अभंगांत आणला. ब्राह्मण म्हणजे कोण? जीव की देह? जाती की ज्ञान? एकेक प्रश्न घ्यावयाचा आणि टाकावयाचा, अशी त्या उपनिषदाची चाल. जातीचा पाळी आली की ते ऋष्यशृंगासारख्या ऋषींची आठवण देते. हरिणीच्या पोटी जन्मलेल्यालाही ऋषी म्हटले ना? पंडितांनी संस्कृतात वाद घालणे निराळे आणि ज्या बाईच्या पाठीवर वळ उठले होते तिने तोच वाद मराठीत मांडणे निराळे.

इंग्रजीतला 'कास्ट' हा शब्द पोर्तुगीज 'कास्ता'वरून आला, आणि तो गोव्यातून पसरला. गार्सिया द ओर्ता या वैद्याचे औषधी वनस्पतींवरचे पुस्तक १५६३ साली गोव्यात छापले गेले. या देशातल्या लोकांचे धंदे बापाकडून मुलाकडे जातात हे सांगताना त्याने हा शब्द वापरला आहे. पण पोर्तुगालातल्या मळेवाल्याला 'कास्ता' विचारा. तो आजही द्राक्षाचा वाण सांगेल. म्हणजे तिकडचा शब्दही पिकाचाच होता, आणि तोही माणसावर येऊन बसला. आपण एकटेच चुकलो नाही, एवढे समाधान यातून घ्यावयाचे तर घ्यावे.

आता कपाशीकडे येतो, कारण गंगापूरच्या काळ्या रानात तीच खरी शिक्षिका आहे.

१६८६ साली जॉन रे या इंग्रज पंडिताने वनस्पतींविषयी असे ठरविले की दोन झाडे कितीही निराळी दिसोत, ती एकाच बीजापासून होत असतील तर त्यांची जाती एकच. येथे लॅटिन शब्दाला दिसण्याचा हट्ट सोडून जन्माकडे यावे लागले. न्यायसूत्रांत समान प्रसव हे जातीचे लक्षण सांगितले आहे. तेथे त्याचा रोख सारखेपणाची प्रतीती उत्पन्न होण्याकडे आहे, बियाण्याकडे नव्हे, पण शब्दांची ही गाठभेट नोंदवल्यावाचून राहवत नाही. पुढे लिनीअस आला. १७५३ साली त्याने वनस्पतींना दुहेरी नावे दिली. पहिले नाव वंशाचे, दुसरे जातीचे. आपल्या देशी कापसाच्या दोन्ही जाती, हर्बेशियम आणि आर्बोरियम, त्या ग्रंथात आहेत. १७५८ साली त्याने माणसालाही असेच नाव दिले, होमो सेपियन्स. खंडांप्रमाणे त्याने माणसाचे पोटभेद पाडले आणि त्यांना नाही ते गुणदोषही चिकटविले. पण जाती म्हणून नाव एकच ठेवले.

१९४२ साली अर्न्स्ट मायर यांनी जी व्याख्या केली ती आज शाळेत शिकवितात: ज्यांचा आपसांत संकर होऊन संतती चालू राहते आणि इतरांशी तसा होत नाही, तो समूह म्हणजे जाती. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२. त्यांच्या पोटी येणाऱ्या खेचराची ६३, आणि खेचराचा वंश पुढे चालत नाही. कपाशीचे तसेच आहे. गावरान कापसाची गुणसूत्रे २६. अमेरिकेतून आलेल्या हिर्सुटमची आणि लांब धाग्याच्या बार्बाडेन्सची ५२. गावरान आणि अमेरिकन यांचा सहजी मेळ बसत नाही, आणि बसविला तरी होणारे झाड वांझ निघते.

पण निसर्ग व्याख्या वाचून चालत नाही. हिर्सुटम आणि बार्बाडेन्स या दोन वेगळ्या जाती, तरीही त्यांचा संकर उत्तम होतो. १९७० साली सुरतेला सी. टी. पटेल यांनी हिर्सुटमच्याच दोन वाणांपासून पहिली संकरित कपाशी काढली. दोनच वर्षांनी धारवाडला कटारकी यांनी हिर्सुटम आणि बार्बाडेन्स यांच्यापासून 'वरलक्ष्मी' काढली. मग जाती दोन कशा? तर दुसऱ्या पिढीपासून पीक विस्कटते, एक झाड एका तऱ्हेचे, दुसरे दुसऱ्या. म्हणूनच शेतकऱ्याला दरसाल नवी पिशवी घ्यावी लागते. ज्याला दुकानदार 'जात' म्हणतो ती आपल्यासारखी संतती देत नाही. रे यांच्या कसाला ती उतरत नाही. २००२ साली तर मातीतल्या एका जिवाणूचे जनुक घातलेल्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली, आणि तिचे बियाणे आले ते आमच्या शेजारच्या जालन्याच्या महिको कंपनीकडून. जावईबापू ती पेरतात, पण त्यांची आजी घरची सरकी राखेत घोळून ठेवीत असे ते आठवून सांगतात. ती सरकी पुढच्या साली तीच कपाशी देत असे.

हे सारे सांगण्याचे कारण असे की सीमेवरच्या भांडणाची जागा कपाशीत आहे, बदकांत आहे, वडपिंपळांत आहे. माणसात ती नाही. १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी अध्यक्षीय भाषण लिहिले. मंडळाला ते झेपले नाही, संमेलन रद्द झाले, आणि बाबासाहेबांनी ते स्वतःच छापले. त्यात त्यांनी वंशशुद्धीच्या समर्थकांना जीवशास्त्राने उत्तर दिले आहे. माणूस आणि पशू या वेगळ्या स्पीशीज आहेत हे खरे. पण मानववंश शुद्ध आहेत असे मानणारे शास्त्रज्ञदेखील त्या वंशांना वेगळ्या स्पीशीज म्हणत नाहीत, ते एकाच स्पीशीजचे प्रकार आहेत, त्यांचा आपसांत संबंध होतो आणि होणारी संतती वांझ नसते. खेचराचाच दाखला, नाव न घेता.

आता हे वाक्य मराठीत आणून पाहा. इंग्रजीत 'कास्ट' निराळा, 'स्पीशीज' निराळा. मराठीत दोन्हींना शब्द एकच. मग वाक्य असे होते: माणसाच्या जाती या जाती नव्हेत. इंग्रजीत जो साधा युक्तिवाद आहे तो मराठीत कोडे होऊन बसतो. पण मला वाटते, या कोड्यातच खरी गोष्ट आहे. इंग्रजी वाचकाला कधी कळणार नाही की येथे शब्दानेच फसवणूक केली आहे. ज्याला चिमणीची, वाघाची, कडुनिंबाची जात हा शब्द लहानपणापासून कानावर आहे, त्याला शेजाऱ्याची जातही तितकीच निसर्गातली वाटते. शब्द पुरावा देऊन मोकळा होतो. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखविले होते की जातीचे मूळ निसर्गात नाही, आपल्यातच लग्ने करण्याच्या बंधनात आहे. खेचर निसर्ग थांबवितो. येथे माणसाने माणसाला थांबविले.

घुर्ये हे मालवणचे. १९३२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी रिस्ले साहेबाच्या नाकाच्या मापांवरून जाती आणि वंश यांची सांगड घालणाऱ्या सिद्धांताला हादरा दिला. इरावती कर्वे बर्लिनला ऑइगेन फिशरसारख्या वंशवाद्याच्या हाताखाली कवट्या मोजून आल्या, आणि कवटीच्या असमानतेवरून वंशांची उतरंड लागत नाही असे निष्कर्ष घेऊन आल्या. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेले एक संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात जनुकांवरून असे दिसते की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी या देशातले लोक आपसांत भरपूर मिसळत होते. मग मिसळणे थांबले. म्हणजे पतंजलीच्या सुमारास दारे लागत चालली होती.

याचा अर्थ शाळेच्या रजिस्टरातला तो रकाना उद्या खोडून टाकावा असे माझे म्हणणे नाही. त्याच रकान्याच्या आधाराने आज कितीएक मुलांना शिष्यवृत्ती आणि वसतिगृह मिळते. ज्या नोंदीने शतकानुशतके घेतले तिच्याकडूनच थोडे वसूल करावयाचे आहे, आणि तो हिशेब अजून पुरा झालेला नाही. माझे गाऱ्हाणे शब्दाबद्दल आहे, आणि ते उलट्या दिशेचे आहे.

मराठीत शास्त्रीय परिभाषा घडली तेव्हा 'स्पीशीज'ला 'जाती' हा शब्द ठरला, आणि तिच्या वरच्या पायरीला 'वंश' किंवा 'प्रजाती'. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या विश्वकोशातल्या वनस्पतींच्या नोंदी उघडा. त्यांत प्रजातीच्या पोटात जाती सापडतील. गॉसिपियम ही कापसाची प्रजाती. तिच्यात सुमारे ५० जाती, आणि त्यांपैकी माणूस लावतो त्या चार. आज मात्र वर्तमानपत्रे उघडा. नाथसागरावर पक्ष्यांच्या इतक्या 'प्रजाती' आल्या, जंगलात फुलपाखरांच्या इतक्या 'प्रजाती' सापडल्या. सांगावयाची असते जाती, लिहितात प्रजाती. घर मोजावयाचे तिथे वाडा मोजल्यासारखे. हिंदीत 'प्रजाति' स्पीशीजसाठी रूढ झाला, त्याचे वारे इकडे आले हे एक कारण. दुसरे मला असे दिसते की लिहिणाराला 'जाती' हा शब्द उच्चारताना कसेसेच होते. त्याला त्या शब्दाला माणसाचा वास येतो. म्हणून तो पाखरांपुरता एक अक्षर वाढवून सोवळा शब्द घेतो.

म्हणजे झाले काय, तर हा शब्द जिथे खरा होता तिथून उठविला, आणि जिथे तो खोटा होता तिथे तसाच राहू दिला. रोहित पक्ष्याला जात आहे. त्याची चोच आणि त्याचे पाय ती सांगतात. त्याची मात्र आम्ही प्रजाती केली. ज्या पोरीची जात कुठेच दिसत नव्हती, तिची रजिस्टरात शाईने लिहिली.

परवा दिवाळीच्या सुटीत ती पोरगी आमच्याकडे आली होती. वहीत तिने नाथसागराचे चित्र काढले होते. चक्रवाक, वारकरी, रोहित, एक पाणकावळा पंख वाळवीत उभा. वर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'पक्ष्यांच्या प्रजाती'. मी तिला वंश आणि जाती समजावून सांगितले, कपाशीचे उदाहरण दिले, आणि म्हटले की येथे 'जाती' असे लिही. तिने खोडरबर हातात घेतले, जरा थांबली आणि म्हणाली, "नको आजोबा. बाईंनी प्रजातीच लिहायला सांगितलंय. जाती लिहिलं तर पोरं हसतील." मग ती रोहितच्या पायांत गुलाबी रंग भरू लागली.